घसादुखी: मुलीची दोन दिवसांची, माझी महिनाभराची

पहाटवारा (प्रश्न):
माझ्या आठ वर्षांच्या मुलीचा घसा परवापासून दुखतो आहे. ताप 102 अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो आणि आवंढा गिळतानाही ती कळवळते. मात्र सर्दी किंवा खोकला अजिबात नाही. टॉर्चने पाहिले तर टॉन्सिल लाल असून त्यांवर पांढरे ठिपके दिसले. माझी तऱ्हा वेगळी आहे. सर्दी केव्हाच ओसरली, पण घशाची खवखव महिना होत आला तरी जात नाही. ताप नाही, सकाळी उठल्यावर त्रास अधिक होतो आणि आवाजही घोगरा झाला आहे. दम्यासाठी मी रोज स्टेरॉइडचा इनहेलर घेते. मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या काही गोळ्या शिल्लक आहेत. त्या आम्ही घ्याव्यात का? डॉक्टरांकडे जायचे तर कोणी आणि किती तातडीने?

बालरोग_कक्ष:
शिल्लक गोळ्या दोघींपैकी कोणीही घेऊ नयेत. मुलीला मात्र आज, फार तर उद्या, डॉक्टरांना दाखवा.

बहुतेक घसादुखी सर्दी, फ्लू, कोविड अशा आजारांच्या विषाणूंमुळे होते. तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो आणि ती साधारण आठवड्याभरात आपोआप शमते. परंतु 5 ते 15 वर्षे या वयात ‘गट अ स्ट्रेप्टोकोकस’ या जिवाणूचा विचार करावाच लागतो, कारण मुलांच्या घसादुखीत त्याचा वाटा सुमारे 20 ते 30 टक्के असतो, तर प्रौढांत तो 5 ते 15 टक्क्यांच्या आसपास राहतो. ताप, टॉन्सिलवरचे पांढरे ठिपके, मानेच्या पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव ही चार लक्षणे जितकी एकत्र येतात, तितका संशय बळावतो. तरीही केवळ ठिपक्यांवरून निदान करता येत नाही, कारण काही विषाणूंमुळेही तसेच ठिपके उमटतात. त्यासाठी घशातला स्वॅब घेतात. झटपट चाचणीचा निकाल काही मिनिटांत कळतो, कल्चरला, म्हणजे स्वॅबमधले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात.

चाचणीत जिवाणू आढळला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन बहुधा 10 दिवस दिले जाते. ताप उतरला म्हणून ते मध्येच थांबवू नये, कारण हृदयाच्या झडपांना इजा करू शकणारा संधिवाताचा ताप टाळणे हाही या उपचाराचा हेतू असतो. घसा दुखू लागल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी हे संरक्षण मिळते, त्यामुळे अहवालासाठी एखादा दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. उलट घरच्या अर्धवट गोळ्यांनी चाचणीचा निकाल फसवा येऊ शकतो. शिवाय आजार एपस्टीन-बार या घसा दुखवणाऱ्या विषाणूचा असला आणि त्यावर अमॉक्सिसिलिन दिले गेले, तर अंगभर पुरळ उठू शकते आणि मग त्या मुलाच्या कागदांवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शेरा विनाकारण कायमचा बसतो.

तोवर वजनानुसार पॅरासिटामॉल आणि पुरेसे पाणी द्या. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका.

मंद्रसप्तक:
मी कान-नाक-घसा विभागात काम करते, म्हणून महिनाभराच्या दुखण्याविषयी लिहिते. ताप नसताना इतके दिवस रेंगाळणारी खवखव साध्या संसर्गाची असण्याची शक्यता कमी असते. तुमच्या बाबतीत माझी पहिली शंका इनहेलरवर जाते. त्यातले स्टेरॉइड घशात साचले की तेथे बुरशीचा संसर्ग होऊ शकतो आणि आवाजही बसतो. प्रत्येक वेळी औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरून टाकावी, स्प्रे पद्धतीच्या इनहेलरला स्पेसर (औषध घशात कमी साचावे म्हणून तोंड आणि इनहेलर यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) लावता येईल का हे विचारावे. पण इनहेलर स्वतःहून बंद करू नये, दमा उसळणे हे घशाच्या खवखवीपेक्षा कितीतरी वाईट आहे. त्रास सकाळी वाढतो म्हणून पोटातले आम्ल वर येणे, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे आणि नाकातला स्राव घशात उतरणे हीही कारणे तपासावी लागतील. आम्ल वर येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीत जळजळ होतेच असे नाही.

हे तातडीचे नाही, पण टाळण्यासारखेही नाही. आवाजाचा घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून घ्यावे. एकाच बाजूला सतत दुखणे, त्याच बाजूचा कान ठणकणे, मानेत गाठ लागणे, थुंकीतून रक्त पडणे किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल तर मुळीच थांबू नये. तंबाखू किंवा मद्याची सवय असलेल्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे.

औषधपेटी:
वरच्या उत्तरांत एक भर घालतो. थायरॉइड वाढल्यावर दिले जाणारे कार्बिमॅझोल, संधिवातासारख्या आजारांत दिले जाणारे मेथोट्रेक्सेट किंवा कर्करोगावरची केमोथेरपी घेणाऱ्या व्यक्तीचा घसा दुखून ताप आला, तर रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी औषधामुळे घटल्या असण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्त तपासून घ्यावे.

पहाटवारा:
सर्वांचे आभार. मुलीला संध्याकाळी दाखवते आहे. ती शाळेत कधी जाऊ शकेल? आणि रात्री काय दिसले तर सकाळची वाट पाहू नये?

बालरोग_कक्ष:
चाचणीत स्ट्रेप (स्ट्रेप्टोकोकस) निघाला तर औषध सुरू होऊन 24 तास उलटल्यावर आणि ताप उतरल्यावर शाळेत पाठवता येईल.

रात्रीचे म्हणाल, तर श्वास घेताना घर्र असा आवाज येणे, थुंकी गिळता न आल्याने लाळ गळणे, तोंड पुरते न उघडणे, तोंडात काही धरून बोलल्यासारखा आवाज येणे, मान आखडणे, किंवा लघवी फार कमी होऊन मूल मलूल पडणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर थेट रुग्णालयात न्या. टॉन्सिलजवळ पू साचला असेल तर दुखणे एका बाजूला एकवटते आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकललेली दिसते. मात्र लाळ गळत असेल किंवा श्वासाला अडथळा होत असेल तर घसा पाहण्यासाठी तोंडात चमचा घालू नका आणि मुलीला आडवेही करू नका; तिला ज्या स्थितीत बरे वाटते तसेच बसवून घेऊन जा.