क्षारपड जमिनीवरचे अभ्यास गोळा करून धोरणासाठी अहवाल लिहायचाय, हे नीट शिकायचं कसं?

काळीमाती_पलूस
नमस्कार मंडळी. पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करून मी सांगलीत एका छोट्या संस्थेत लागलेय. आपल्या पलूस, वाळवा, मिरज पट्ट्यात क्षारपडीनं काय हाल झालेत ते इथं सांगायला नको. सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा केला तर जमीन खरंच सुधारते का, यावर एका ऑफिसला चार पानं लिहून द्यायची होती. आठवडाभर रात्री जागून गूगलवर मिळाले ते पेपर वाचले आणि लिहिलं की बहुतेकांत उसाचं उत्पादन वाढलंय. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, हेच पेपर का घेतले? मला उत्तरच देता आलं नाही हो, फार वाईट वाटलं. कॉलेजात प्रयोग करायला शिकवलं, नमुने घ्यायला शिकवलं, पण शंभर जणांचे प्रयोग एकत्र कसे वाचायचे हे कुणीच शिकवलं नाही. सुरुवात कुठून करू?

पठारावरून_सातारा
ताई, वाईट वाटून घेऊ नका, साहेबांनी योग्य तेच विचारलं. आधी प्रश्न बांधून घ्या: कुठली जमीन, काय उपाय, कशाशी तुलना, काय मोजलं. मग कुठले अभ्यास घ्यायचे आणि कुठले नाही याचे नियम शोध सुरू करायच्या *आधी* लिहून ठेवायचे, म्हणजे आपल्याला आवडणारे पेपर हळूच आत येत नाहीत. वैद्यकात ही पद्धत कॉक्रेन या अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं 1993 पासून रुजवली, आपल्या क्षेत्रात कोलॅबोरेशन फॉर एन्व्हायरनमेंटल एव्हिडन्सची मार्गदर्शिका फुकट मिळते, तीच धरा. आणि ‘बहुतेक पेपरांत वाढलं’ असं मोजू नका, दोन वाफ्यांचा प्रयोग आणि साठ शेतांचा प्रयोग दोघांना एकेकच मत पडतं त्यात.

पण वाचून हे येत नाही, करूनच येतं. आम्ही दोघं पठारावरच्या चराईबंदीवर काम करत होतो. सापडलेल्या पेपरांचे 50 गोषवारे छापले, वेगवेगळ्या खोल्यांत बसून प्रत्येकावर ‘घे’ किंवा ‘नको’ लिहिलं आणि मग शेजारी शेजारी ठेवले. 14 ठिकाणी जुळलं नाही! जिथं चराईही बंद झाली आणि वणवाही थांबला ते अभ्यास घ्यायचे का, जवळजवळ सगळं भांडण यावरच, कारण आमच्या नियमात ते नव्हतंच. नियम सुधारला, नवे 50 घेतले, तेव्हा 3 वर आलो. जुळणी नुसत्या टक्क्यांत बघू नका, ‘कप्पा’ (kappa, म्हणजे योगायोगानं होणारी जुळणी वगळून काढलेला आकडा) काढा, कारण दोघंही बहुतेकांना ‘नको’ म्हणत असतील तर टक्के आपोआप जास्त दिसतात.

वाचनकोपरा_मिरज
मी ग्रंथालयात काम करतो म्हणून एवढंच सांगतो, नुसत्या गूगलवर थांबू नका. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषिकोष या संकेतस्थळावर आहेत, बाकीचे शोधगंगा या संकेतस्थळावर. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन जुने अहवाल मागा, कर्नालच्या मृदा लवणता संस्थेचंही बघा. क्षारयुक्त, चोपण (सोडियम जास्त असलेली), पाणथळ, तिन्हींचे इंग्रजी शब्द वेगवेगळे टाका. कुठल्या तारखेला काय टाकलं आणि किती सापडले ते वहीत लिहा, साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीतच असतं.

आडसाली_वाळवा
मी शेतकरी आहे, तुमच्या पेपरातलं मला कळत नाही पण माझ्या दीड एकराचं सांगतो. पाइप टाकले, दोन वर्षं ऊस चांगला आला, मग पुढचा ओढा गाळानं भरला आणि पाण्याला जायला वाटच राहिली नाही, पुराच्या वर्षी तर उलटं पाणी आत आलं. बघायला आणि लिहून घ्यायला कुणी आलं नाही. दुसरं, मे महिन्यात माझ्या रानात बोट फिरवलं तर पांढरं मीठ बोटाला लागतं आणि पावसाळा झाल्यावर तीच माती बघाल तर बरी वाटते. तर माती कधी उचलली तेही विचारत जा.

पठारावरून_सातारा
दादा, लाख मोलाचं बोललात. फसलेले प्रयोग छापलेच जात नाहीत, म्हणून छापील पुरावा नेहमी जरा जास्त गोड दिसतो, हे आम्हाला कळायला दोन वर्षं गेली. ताई, माती कुठल्या महिन्यात घेतली आणि पाइप टाकल्यावर किती वर्षांनी मोजलं, हे दोन रकाने तक्त्यात टाकाच. अहवाल लिहिताना ज्यावर अभ्यासच सापडला नाही तेही स्पष्ट लिहा, निर्णय घेणाऱ्याला त्याचीही गरज असते.

काळीमाती_पलूस
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जुने पेपर परत उघडले, तर मातीचा महिना बऱ्याच जणांनी दिलेलाच नाही! दादांचं वाचून तिसरा रकानाही टाकलाय, पाणी शेवटी कुठं सोडलं. आणि साहेबांना फोन करून विचारलं की तुम्हाला नक्की काय ठरवायचंय, तर म्हणाले पाइपला अनुदान द्यायचं की आधी ओढे साफ करायचे. म्हणजे माझा प्रश्नच वेगळा होता. आता नियम लिहायला बसलेय. चाळणीला दुसरं माणूस हवंय, सांगली-मिरजेत कुणाला जमेल का? 50 गोषवारे मी छापून आणते.