मदत हवी आहे: पावडर ब्लू टँग धापा टाकतोय, अंगावर बारीक पूड. इच की व्हेल्व्हेट (दोन्ही माशांचे परजीवी रोग)?

शंखशिंपले:
जाणकारांनी जरा लवकर बघावं ही विनंती.

खाऱ्या पाण्याची टाकी, ३०० लिटर, खाली सम्प (फिल्टरची टाकी). मासे: पावडर ब्लू टँग (नवा, मागच्या आठवड्यात सोडला), क्लाऊनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा. शिवाय क्लीनर कोळंबी, गोगलगायी आणि मऊ प्रवाळ. तापमान २६.५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १०.

टँग परवापासून वेव्हमेकरच्या (पाण्यात लाटा उठवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड खुपसून उभा असतो. लाइट लागला की दगडामागे पळतो. नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावली तर ढुंकून बघत नाही. दुकानदार म्हणाला इच आहे, क्षारता उतरवा आणि लसूण द्या. त्यामुळे घनता १.०२५ वरून १.०१८ वर आणली आहे. प्रवाळ मिटून बसलेत, माशात फरक शून्य, आणि आज एक क्लाऊनही जोरजोरात श्वास घेतोय.

८० लिटरची एक रिकामी टाकी आहे. मोरचूद (कॉपर सल्फेट) मुख्य टाकीतच टाकलं तर चालेल का?

खारवट:
मोरचूद मुख्य टाकीत अजिबात नको. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, सगळं जाईल. शिवाय दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे पातळी टिकत नाही.

आधी तीन गोष्टी बघून सांगा. कल्ल्यांची उघडझाप १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरपा धरा: ठिपके मिठाच्या कणाएवढे सुटे सुटे आहेत की पिठाची भुकटी शिंपडल्यासारखे? आणि क्लाऊनच्या अंगावरून बुळबुळीत पांढरट साल सुटतेय का?

शंखशिंपले:
टँग १३० च्या आसपास, क्लाऊन ११०. ठिपके मोजता येत नाहीत, नुसती भुकटी, पाठीवर किंचित पिवळसर झाक. साल वगैरे काही नाही.

खारवट:
मग हा व्हेल्व्हेट (अमायलूडिनियम) धरून चाला. इचमध्ये ठिपके मोजता येतात, ते येतात-जातात, आणि सुरुवातीला मासा खातपीत असतो. व्हेल्व्हेट आधी कल्ल्यांत बसतो. म्हणून धाप आधी आणि भुकटी नंतर. पुष्कळदा भुकटी दिसायच्या आत मासा गेलेला असतो. झोतात उभं राहणं आणि उजेड टाळणं ही त्याची नेहमीची खूण. साल सुटत असती तर ब्रुकलिनेला या दुसऱ्या परजीवीचा संशय घेतला असता, आणि तिथे तांब्याचा भरवसा नाही, फॉर्मलिन लागतं.

क्षारता उतरवण्याचा उपाय इचवर चालतो, तोही १.००९ पर्यंत नेला तरच. १.०१८ ला काहीच होत नाही, आणि व्हेल्व्हेट तर अगदी मचूळ पाण्यातही मजेत जगतो. लसणाने फार तर भूक चाळवते. क्लीनर कोळंबीवरही आशा ठेवू नका. मुख्य टाकीची घनता आता रोज ०.००१ ते ०.००२ अशी सावकाश वर न्या. उतरवताना मासे सहन करतात, चढवताना घाई सोसत नाही.

सगळे मासे आजच बाहेर काढा. ठणठणीत दिसणारा ग्रामासुद्धा. एक जरी मागे राहिला तरी परजीवीचं चक्र चालू राहतं.

कल्लेदार:
खारवट यांच्याशी सहमत. औषधाचं गणित मी देतो, कारण बहुतेकांचं तिथेच चुकतं.

८० लिटरच्या टाकीत वाळू, दगड, कार्बन काही नको. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो टाका. पाणी मोजलेल्या बादलीने भरा. ८० ची टाकी प्रत्यक्षात ७५ च्या आसपासच भरते. घनता मुख्य टाकीएवढीच ठेवा.

शेतीचं मोरचूद वापरू नका, त्यात भेसळ काय असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट आणा. त्यात तांबं साधारण २५ टक्के असतं. १ ग्रॅम (सोनाराच्या काट्यावर मोजून) २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की १ मिलीत जवळपास १ मिलिग्रॅम तांबं येतं. लक्ष्य लिटरला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ७५ लिटरला १५ मिली. ५ मिली आत्ता, ५ आठ तासांनी, ५ त्यानंतर आठ तासांनी. इचला दोन दिवस लावले तरी चालतं, इथे तेवढा वेळ नाही.

उपचाराचा पट्टा ०.१५ ते ०.२०. खाली गेलं तर औषध लागू पडत नाही आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. फार वर गेलं तर मासा मरतो. रंगपट्टीच्या किटवर ०.१ आणि ०.२ मधला फरक डोळ्यांना धड कळत नाही, डिजिटल कॉपर मीटर घ्या किंवा कुणाकडून आणा. बाजारातली बाटलीबंद चिलेटेड औषधं (दुसऱ्या रेणूत बांधलेलं तांबं) वेगळी, त्यांची पातळी लिटरला १.५ ते २.५ मिलिग्रॅम असते. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

तांबं माशाच्या अंगावरचा परजीवी मारत नाही, पाण्यात पोहणारी त्याची पिल्लं मारतं. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस मासा आणखी खालावलेला दिसू शकतो. म्हणून तांबं घातलेल्या टाकीत सोडण्याआधी हायड्रोजन पेरॉक्साइडचा बाथ द्या: लिटरला ७५ मिलिग्रॅम, ३० मिनिटं, एअरस्टोन चालू. परदेशी लेखांतला डोस ३ टक्क्यांच्या बाटलीचा असतो. आपल्या मेडिकलमधली '२० व्हॉल्यूम'ची बाटली साधारण ६ टक्के असते. १० लिटर खाऱ्या पाण्याला ३ टक्क्यांचं २५ मिली लागतं, ६ टक्क्यांचं फक्त १२.५. लेबल न वाचता २५ ओतलं तर डोस दुप्पट. बाटली नवी फोडा, जुनी उतरलेली असते. मासा आडवा पडला तर लगेच काढा. बाथचं पाणी तांब्याच्या टाकीत जाऊ देऊ नका.

लाटांचामाग:
बाथसाठी पेरॉक्साइड मिळालं नाही तर गोड्या पाण्याचा डिप चालतो: क्लोरीन घालवलेलं, तापमान आणि पीएच जुळवलेलं पाणी, हवा चालू, ५ मिनिटं. कल्ल्यांना तात्पुरता आराम मिळतो, इलाज नव्हे.

एक राहिलं, अमोनिया. उपचाराच्या टाकीत मासे परजीवीपेक्षा अमोनियानेच जास्त मरतात. सम्पमध्ये मुरलेला (अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेला) स्पंज असेल तर स्पंज फिल्टरला लावा, नसेल तर रोज २५ लिटर पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधीच ५ मिली तांब्याचं द्रावण घाला, म्हणजे पातळी हलत नाही. अमोनिया 'बांधणारी' द्रव्यं तांब्यासोबत वापरू नका, त्यांच्या संयोगाने तांबं जास्त विषारी होतं. आणि लाइट गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअरपंप ठेवा. धापा टाकणाऱ्या माशाला अर्धा तासही फार होतो.

शंखशिंपले:
तिघांचे आभार. पेरॉक्साइड २० व्हॉल्यूमचंच निघालं, १२.५ मिलीने बाथ दिला. चौघेही आता ८० लिटरमध्ये आहेत, पहिले ५ मिली पडले. किती दिवस? आणि मुख्य टाकीचं काय करायचं?

कल्लेदार:
०.१५ च्या खाली एकदाही न जाता १४ दिवस, आणि मग दुसऱ्या, निर्जंतुक केलेल्या टाकीत हलवा. हलवायला दुसरी टाकी नसेल तर ३० दिवस इथेच. टँग खायला लागेपर्यंत दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, माशांचं खाद्य) द्या, उरलेलं काढून टाका.

खारवट:
मुख्य टाकी माशांविना ठेवा. नुसत्या व्हेल्व्हेटला सहा आठवडे पुरतात, पण नव्या माशासोबत इचही आलेला असू शकतो आणि त्याच्या कोषातून पिल्लं बाहेर पडायला काही वेळा ७२ दिवस लागलेले आहेत. म्हणून ७६ दिवस धरा. प्रवाळ आणि कोळंबी तिथेच राहू देत, कोळंबीला दोन दिवसांआड चिमूटभर खाणं. जाळी, नळी, ओले हात एका टाकीतून दुसरीत नेऊ नका. व्हेल्व्हेट हवेतल्या तुषारांतूनही पसरतो, दोन टाक्यांत निदान ३ मीटर अंतर हवं.

लाटांचामाग:
३०० लिटर या टँगला तोकडेच आहेत, पण तो विषय आज नको. परत सोडताना मात्र आधी ग्रामा, मग क्लाऊन, आणि टँग सर्वांत शेवटी, निदान आठवड्याने. आधी सोडलात तर अख्खी टाकी तो आपल्या मालकीची समजतो.