आयोनायझर लावल्यापासून पोरीचा खोकला वाढला, बंद करू का?

मानेवाडावाला:
नमस्कार. पोरगी सात वर्षांची आहे, तिला दमा आहे, इन्हेलर चालूच असतो. आमच्या रोडचं काम सुरू आहे, घरभर धूळ, म्हणून मागच्या महिन्यात हवा साफ करायला प्लगमध्ये लावायचा छोटा आयोनायझर ऑनलाइन मागवला. फिल्टर वगैरे काही नाही त्यात, नुसता निळा लाइट लागते. आता उन्हामुळे रात्रभर एसी अन् दारं-खिडक्या बंद. सकाळी त्या खोलीत गेलं की झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास येऊन राहिला, पोरगी रात्री जास्त खोकलते, प्लगच्या वर भिंतीवर काळा डागही पडला. बायको म्हणते यंत्रामुळे, मला वाटते धुळीमुळे. कोणाला माहीत आहे का?

विद्युतकाका:
भाऊ, आधी ते बंद करा, बाकीचं मग वाचा.
त्यात बारीक सुयांना खूप जास्त व्होल्टेज देतात, त्यातून आयन (विजेचा भार असलेले अणू-रेणू) निघतात, ते धुळीच्या कणांना चिकटतात अन् ते कण भिंतीवर, गादीवर, पडद्यावर जाऊन बसतात. तुमचा काळा डाग तोच आहे. म्हणजे धूळ घराबाहेर गेलीच नाही, पोरगी गादीवर उडी मारली की परत हवेत. अन् त्या सुयांपाशी ऑक्सिजनपासून ओझोन नावाचा वायू बनतो, झेरॉक्ससारखा वास त्याचाच. ओझोन श्वासनलिकेला जाळतो, खोकला येतो, छाती भरल्यासारखी वाटते, दम्याच्या लेकरांना तर जास्तच त्रास. कूलर असता तर खिडकीतून बाहेरची हवा आली असती, एसीच्या बंद खोलीत तो साचत जातो. थोड्या वेळाने नाकाला सवय होते अन् वास येणं बंद होते, म्हणून वास नाही म्हणजे ओझोन नाही असं समजू नका.

सक्करदरा_२४:
पण काका, सगळेच आयोनायझर वाईट काहून म्हणता? माझ्या प्युरिफायरमध्येही आयनचं बटन आहे, काही त्रास नाही.

विद्युतकाका:
सगळे सारखे नाहीत, बरोबर आहे. काही अगदी कमी ओझोन सोडतात. कॅलिफोर्नियात 2010 पासून घरगुती एअर क्लीनरला ओझोनसाठी 50 पीपीबीची (हवेच्या अब्ज भागांत 50 भाग) मर्यादा आहे, टेस्ट करूनच विकावं लागते. पण स्वस्तातल्या बिननावाच्या प्लगवाल्याची टेस्ट झाली का, हे आपल्याला कसं कळणार? तुमच्या प्युरिफायरचं काम हेपा फिल्टर करून राहिला, तो 0.3 मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक) 99.97 टक्के कण पकडतो. आयनचं बटन बंद ठेवा, काही बिघडत नाही.

प्रतापनगरची ताई:
आणखी एक सांगते दादा. फरशी लिंबाच्या वासाच्या लिक्विडने पुसता का? त्यात लिमोनिन असतं, आपल्या संत्र्याच्या सालीत असतं तेच. ओझोनशी त्याची रिअॅक्शन होऊन फॉर्मल्डिहाइड अन् अगदी बारीक कण तयार होतात, म्हणजे स्वच्छ करायला गेलो अन् हवा आणखी बिघडली. माझ्या आईलाही दमा आहे, म्हणून मी बिनवासाचंच आणते अन् झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसते. डॉक्टरांना मात्र दाखवाच, खोकला रात्रीच वाढतो हे नक्की सांगा, इन्हेलरचा डोस मनाने वाढवू नका.

मानेवाडावाला:
लिंबाचंच लिक्विड आहे ताई, रोज संध्याकाळी पुसतो. आयोनायझर काल रात्री काढला, चादरी-पडदे धुवायला टाकले. वास गेला. खोकला आज थोडा कमी वाटला पण एका रात्रीवरून काय सांगणार. उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ते काय म्हणतात ते इथेच लिहितो.