चाकूहल्ल्यापासून बचाव: क्लासमध्ये शिकवतात ते खऱ्या प्रसंगात चालतं का?

सायली_कोथरूड
माझी मुलगी सोळा वर्षांची, कराटेत ब्राऊन बेल्ट. क्लासमध्ये हल्ली चाकूपासून बचाव शिकवतायत. परवा मी बसून पाहिलं. जोडीदार रबरी चाकू घेऊन एक पाऊल पुढे येतो, हात लांब करतो आणि तसाच थांबतो. मग ही मनगट धरून पिरगाळते, चाकू खाली. घरी येताना म्हणाली, "आई, आता चाकूवाला आला तरी मी घाबरणार नाही." ते ऐकून मलाच धडकी भरली. कुणी शिकवणारे असाल तर स्पष्ट सांगा, यात कितपत दम आहे?

ज्युदो_सांगली
ताई, तुमची भीती रास्त आहे. चाकू मारणारा हात लांब करून थांबत नाही. तो मोकळ्या हाताने कॉलर नाहीतर केस धरतो, अंगाला भिडतो आणि पोटात, बरगडीत भराभर खुपसत राहतो. शिलाई मशीनची सुई चालावी तसा हात चालतो. बऱ्याचदा चाकू मांडीआड असतो, त्यामुळे आधी ठोसा बसल्यासारखंच वाटतं. असं मनगट हवेत पकडता येत नाही, आणि पकडलं तरी घामा-रक्ताने निसटतं.

मी पोरांना जुने पांढरे टी-शर्ट घालायला लावतो, डोळ्यांना गॉगल. हल्लेखोराच्या हातात लाल मार्कर. त्याला सांगतो, थांबायचं नाही, हात मागे खेच, दुसऱ्या हाताने धर, ढकल. दहा सेकंदांनी शिट्टी. मग शर्ट बघायचे. मान, काख आणि मांडीच्या आतल्या बाजूच्या रेघा वेगळ्या मोजायच्या, मोठ्या रक्तवाहिन्या तिथे असतात. भले भले ब्लॅक बेल्ट लालेलाल होतात. त्यानंतर सांगितलेलं पोरं जिवाचे कान करून ऐकतात: सुटका नसेलच तर चाकूचा हात दोन्ही हातांनी छातीशी आवळून धर, भिंतीला रेट, गुडघे घाल, आणि फट मिळाली की पळ.

अंतराचंही बघा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली लिहिलं, की धावत येणारा माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात कापतो. तेवढ्यात पोलिसाला कमरेचं पिस्तूल काढायला वेळ पुरतो का, हे त्यांना बघायचं होतं. तुमची मुलगी रिकाम्या हाताची. तेव्हा पळणं पहिलं, ते जमेना तर मध्ये गाडी, बाक, सॅक, काहीही. जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत कोयतेवाल्यापासून एक मुलगी पळत होती आणि तिथल्या तरुणांनी मध्ये पडून तिला वाचवलं.

रोहन_ठाणे
मग जुनी तंत्रं टाकूनच द्यायची का?

ज्युदो_सांगली
मुळीच नाही. १९५६ साली बसवलेल्या कोडोकान गोशिन जुत्सूतही, म्हणजे ज्युदोतल्या स्वसंरक्षणाच्या ठरावीक कवायतीतही, खंजिराचे वार आहेत, मी ते आवडीने शिकवतो. वाराच्या रेषेतून अंग बाजूला कसं काढायचं, हे त्यातून छान कळतं. पण ती जोडीदाराच्या संमतीची कवायत आहे, हे पोरांना तोंडाने सांगायला हवं. ते न सांगता सोळा वर्षांच्या मुलीला घरी पाठवणं मला पटत नाही.

परिचारिका_नाशिक
अपघात विभागात काम करते म्हणून लिहिते. जखमेवर कापड गच्च दाबायचं, मिनिटामिनिटाला उचलून बघायचं नाही. चाकू रुतलेला असेल तर उपसू नका. १०८ लावा. हेही क्लासमध्ये शिकवा ना, अर्धा तास पुरतो.

सायली_कोथरूड
आभारी आहे. मार्करचा प्रयोग करून बघा, अशी सरांना विनंती करते. टी-शर्ट मी देईन.