अँबेसेडर मार्क ३ (पेट्रोल): इंजिनच्या मागून ऑइल गळतंय, घरी काय करता येईल?

अँबी_सांगली
नमस्कार मंडळी, बाबांची १९७७ ची मार्क ३ आहे, तेच जुनं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) १४८९ सीसी इंजिन. रात्रभर उभी राहिली की सकाळी फरशीवर पंजाएवढा डाग, बरोब्बर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली. गॅरेजवाला म्हणतो मागचं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. पण गाडी मस्त ओढते, धूर नाही, क्लच स्लिप होत नाही, मग एवढ्यासाठी इंजिन उतरवायचं जिवावर आलंय. इंची पान्यांचा सेट आहे घरी. सुरुवात कुठून करू?

रॉकेल_ब्रश
आधी इंजिन धू भावा. डाग जिथे पडतो तिथेच गळतंय असं समजू नकोस, ऑइल वरून ओघळत येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं, म्हणजे वरच्या टपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) पॅकिंग गेलेलं असलं तरी थेंब बेल हाउसिंगखालीच (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं कवच) पडणार. इंजिन गार असताना रॉकेल आणि ब्रशने घासून काढ, डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना करंट वाटणारा भाग) पिशवी बांध, पूर्ण वाळू दे. मग संशय येईल तिथे टाल्कम पावडर मार, एक चक्कर मारून ये आणि टॉर्च घेऊन बघ. सगळ्यात वरची ओली जागा सापडली पाहिजे, खालच्या ओलीला काही अर्थ नाही.

जुना_फिटर
वरचं बरोबर आहे, पण एक सांगतो. या इंजिनाला मागे रबरी सील नसतंच! क्रँकवर (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आटे कापलेत, क्रँक फिरला की ते ऑइल परत चेंबरमध्ये (खालच्या ऑइलच्या टाकीत) ढकलतात. त्यामुळे मागून थोडा पाझर असणारच, तो काही आजार नाही. पण ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदला की आत प्रेशर साठतं आणि ते ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर काढतं, मग कितीही नवीन पॅकिंग घाला, गळणार म्हणजे गळणारच. इंजिन चालू ठेवून वरचं ऑइलचं झाकण काढून बघा. भकाभक फुंकर येत असेल तर आधी ब्रीदर पाइप काढून रॉकेलमध्ये भिजत घाला आणि आतली काजळी तारेने काढा. तो साफ असूनही फुंकर तशीच राहिली तर पिस्टनच्या रिंगांचा विषय आहे, कॉम्प्रेशन चेक करून घ्या.

अँबी_सांगली
धन्यवाद काका! ब्रीदर काढला तर आत डांबर साठलं होतं नुसतं. तो साफ केल्यावर गळती बरीच कमी झाली. पावडरमध्ये मात्र वेगळंच दिसलं, मॅनिफोल्डखाली (कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरच्या नळ्या जिथे इंजिनाला जोडतात तो भाग) ब्लॉकच्या कुशीत दोन पत्र्याची झाकणं आहेत ना, त्यातल्या मागच्याची खालची कड ओली होती, आणि तिथून एक बारीक रेघ सरळ बेल हाउसिंगकडे गेली होती.

जुना_फिटर
अहो मग सापडलं की! ते साइडचं टपेट कव्हर, इंजिन उतरवायची गरजच नाही. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढावं लागेल, म्हणून मॅनिफोल्डचं पॅकिंगही नवीन आणून ठेवा आणि त्याच्या गंजक्या नटांवर आदल्या रात्रीच पेनिट्रेटिंग ऑइल मारा. कव्हर मधल्या एकाच बोल्टवर असतं, आणि लोक घोळ तिथेच करतात. गळतंय म्हणून आवळतात, आवळलं की पत्रा मध्ये दबतो, कडा उचलतात, आणखी गळतं. सपाट लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून कडा सरळ करा. जुनं कॉर्कचं पॅकिंग खरवडताना तुकडे आत पडू देऊ नका, भोकात स्वच्छ कापड कोंबा आणि शेवटी आठवणीने काढा. बोल्टखालचा वॉशरसुद्धा बदला, तिथूनही पाझरतं.

रॉकेल_ब्रश
आणि सिलिकॉन थापू नका प्लीज. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटले की चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतात आणि ऑइल वर चढत नाही. कॉर्क फक्त कव्हरच्या बाजूला पातळ शेलॅकने (लाखेचं द्रावण) चिकटवा, ब्लॉककडची बाजू कोरडी ठेवा, पुढच्या वेळी सहज सुटेल. गाडीखाली शिरणार असाल तर नुसत्या जॅकवर अजिबात नाही, स्टँड लावा, चाकांना लाकडी ठोकळे द्या. विटा लावू नका, वजनाखाली एकदम फुटतात.

अँबी_सांगली
शेलॅकचं कळलं. ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरलच आहे, तेच चालू ठेवतो ना?

जुना_फिटर
तेच ठेवा. गळतं म्हणून जाड ऑइल घालू नका, सकाळी गार इंजिनाला ते वर पोचायला वेळ लागतो. कव्हर बसवल्यावर इंजिन गरम करा, पुन्हा गार झालं की बोल्ट एकदा हलकेच तपासा.