गॅरेजची खोली केली आणि कव्हेनंट मोडला: घर विकताना काय करावे?

नवखा_विक्रेता:
इंग्लंडमधील आमचे फ्रीहोल्ड (जमिनीसह पूर्ण मालकीचे) घर विक्रीस काढले आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही गॅरेजची अभ्यासिका केली आणि बिल्डिंग रेग्युलेशनचे प्रमाणपत्रही घेतले. आता खरेदीदाराच्या सॉलिसिटरने (वकिलाने) १९७१ च्या विक्रीदस्तातील अटीवर, म्हणजे कव्हेनंटवर, बोट ठेवले आहे: बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये आणि गॅरेज केवळ वाहनासाठी वापरावे. बिल्डरची कंपनी आजही चालू आहे. तिला पत्र लिहून आता संमती मागावी, असे वाटते. हे योग्य ठरेल का?

जुने_दस्त:
कृपया घाईने पत्र लिहू नका. अशा जुन्या उल्लंघनांसाठी इन्डेम्निटी पॉलिसी (नुकसानभरपाईचा विमा) मिळते. हप्ता एकदाच भरावा लागतो आणि तिचे संरक्षण पुढील मालकाला व कर्ज देणाऱ्या बँकेलाही लागू होते. मात्र ज्याला अट बजावण्याचा हक्क असू शकतो त्याच्याशी आपण आधीच संपर्क साधला असेल, तर विमा कंपन्या बहुधा नकार देतात, कारण निजलेल्याला आपणच जागे केलेले असते. बदल होऊन बरीच वर्षे लोटली आणि कोणी हरकत घेतली नाही, ही आपली जमेची बाजू आहे. विक्रेत्याने घराची माहिती भरून द्यायच्या टीए६ फॉर्ममध्ये मात्र हा बदल लपवू नका.

कुंपणापलीकडे:
वरील सल्ला योग्य आहे, तरी पॉलिसीने अट रद्द होत नाही, आणि खरेदीदाराने उद्या नवे बांधकाम केले तर त्याला ती सहसा उपयोगी पडत नाही. शिवाय हक्क नेमका कोणाचा, हेही पाहावे. १८४८ च्या टल्क विरुद्ध मॉक्सहे खटल्यापासून नकारात्मक अट (अमुक करू नये अशी) पुढील मालकालाही बांधू शकते, परंतु त्यासाठी अट बजावू पाहणाऱ्याकडे तिचा लाभ मिळणारी जमीन असावी लागते. बिल्डरने सगळे भूखंड विकून टाकले असतील, तर त्याचा दावा आपल्याविरुद्ध बहुधा टिकणार नाही. मात्र संपूर्ण वसाहतीला परस्परांसाठी समान अटी घातल्या असतील, तर शेजारीही त्या बजावू शकतात. १९२५ च्या प्रॉपर्टी कायद्याच्या कलम ८४ खाली अप्पर ट्रिब्यूनल या न्यायाधिकरणाकडे अट रद्द वा सौम्य करून मागता येते, पण एका गॅरेजसाठी तो खटाटोप मी करणार नाही.

नवखा_विक्रेता:
एक सांगायचे राहिले. गेल्या आठवड्यात माझ्या पत्नीने बिल्डरच्या कार्यालयात फोन करून संमतीचे शुल्क विचारले होते. नाव सांगितले नाही, घराचा पत्ता मात्र दिला होता.

जुने_दस्त:
मग ही गोष्ट आजच आपल्या सॉलिसिटरला सांगा आणि विमा कंपनीसमोरही उघडपणे मांडा. फोन लपवून घेतलेली पॉलिसी दावा करण्याच्या वेळी रद्द ठरू शकते, आणि तेव्हा घरात आपण नव्हे तर खरेदीदार राहत असेल. विमा नाकारला गेला, तर मागाहून लेखी संमती घेणे हा सरळ मार्ग उरतो. त्या पत्रात १९७१ च्या दस्ताचा आणि झालेल्या बदलाचा स्पष्ट उल्लेख हवा. पैसे भरण्याआधी बिल्डरला शेजारी अजून जमीन आहे का, हे सॉलिसिटरकडून तपासून घ्या.