भगंदर परत झाला : सेटॉन-लिफ्ट की क्षारसूत्र? तीन-चार वर्षं उलटलेल्यांनी कृपया लिहा

नमस्कार. हा धागा माझ्या धाकट्या भावासाठी काढते आहे. वय ३६, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. तो स्वतः लिहिणार नाही. घरातसुद्धा हा विषय निघाला की उठून बाहेर जातो. त्याला विचारूनच लिहिते आहे.

२०२३ च्या श्रावणात त्याला गुदद्वाराजवळ गळू आलं. ताप चढला, बसवेना, शेवटी रात्रीच चीर देऊन पू काढला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण त्या जागी एक बारीक तोंड राहिलं आणि त्यातून अधूनमधून पाणी-पू येत राहिला. आतल्या ग्रंथीतून बाहेरच्या कातडीपर्यंत वाट तयार झाली की तिलाच भगंदर म्हणतात आणि गळू फुटल्यावर ती बऱ्याच जणांत मागे राहते, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. सात-आठ महिने मलमं आणि गोळ्यांत गेले.

जून २०२४ मध्ये एका खासगी रुग्णालयात लेसर केलं. कापाकापी नाही, दुसऱ्या दिवशी घरी, असं सांगितलं होतं आणि तसंच झालं. त्याआधी एमआरआय केला नाही. भगंदराच्या नळीतला, म्हणजे त्या वाटेतला तुकडा तपासायला पाठवल्याचा कागदही फाइलमध्ये नाही. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. बाहेरचं तोंड महिन्याभरात मिटलं, आईने देवाला नारळ ठेवला.

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी तो स्टुलावर उभा राहून माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांची चौकट) बांधत होता. मी खालून आंब्याचे टाळे आणि सुपाऱ्यांचा घोस देत होते. त्याच्या पँटवर मागे रुपयाएवढा ओला डाग दिसला. मी काही बोलले नाही. त्यानेच हात मागे नेऊन पाहिलं आणि स्टुलावरून खाली उतरला. माटोळी भावजयीने पुरी केली.

आता बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखवलं आहे. या वेळी आधी एमआरआय झाला. वाट शौच रोखून धरणाऱ्या दोन्ही स्नायूंमधून आरपार जाते आणि मागच्या बाजूला तिला एक फाटा आहे. डॉक्टरांनी नीट चित्र काढून समजावलं. आतलं तोंड सापडलं नाही किंवा एखादा फाटा राहून गेला, तर बाहेरची जखम कितीही छान भरो, दुखणं परत येतं. नळी सरळ उघडी करून टाकली तर परत होण्याची शक्यता सगळ्यात कमी, पण याच्या बाबतीत त्यात बराच स्नायू कापला जाईल आणि मग वारा किंवा पातळ शौच रोखता न येण्याचा धोका. म्हणून आधी सेटॉन, म्हणजे त्या वाटेतून सैल दोरा ओवून काही महिने पू वाहू द्यायचा, मग लिफ्ट. त्यात दोन स्नायूंच्या मधल्या फटीत शिरून वाट बांधून तोडतात, स्नायू कापत नाहीत. मधुमेह, क्षय आणि क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा आजार) यांच्या तपासण्याही सांगितल्या आहेत. साखर ठीक आली, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, व्हायची आहे.

दुसरीकडे घरातल्या मोठ्यांचा कल क्षारसूत्राकडे आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा, तो दर आठवड्याला बदलायचा, हळूहळू वाट कापतही जाते आणि मागून भरतही येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने याची शस्त्रक्रियेशी तुलना केली होती, १९९१ साली ती छापून आली. परत होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. पण भरून यायला चारऐवजी आठ आठवडे. हे आकडे वाचून मलाही धीर आला. पण तो काळ लिफ्टच्या आधीचा, आणि भावाचं दुखणं आधीच दोनदा हाताळलेलं. आणि शेवटी हा दोराही स्नायू कापतोच ना, जरी सावकाश?

तर मला विचारायचं आहे ते असं. ज्यांची वाट स्नायूंच्या बऱ्याच वरून जाणारी किंवा फाटा फुटलेली होती आणि उपचाराला तीन-चार वर्षं उलटून गेली आहेत, ते आज कसे आहेत? पहिल्या सहा महिन्यांचे अनुभव खूप वाचले, तेव्हा आम्हीही खुशीतच होतो. परत झालं असेल तर किती काळाने? वारा, पातळ शौच यांवरचा ताबा पहिल्यासारखा आहे का? हे विचारायला संकोच वाटतो, पण त्याची खरी भीती तीच आहे. कारखान्यात आठ-आठ तासांची शिफ्ट असते. सेटॉन असताना कामावर जाता आलं का, मोटरसायकल चालवता आली का?

धारगळच्या आयुर्वेद संस्थानात किंवा शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात कोणी क्षारसूत्र करून घेतलं असेल तर तेही सांगा. डिचोलीहून दर आठवड्याला जायचं म्हणजे रजेचा प्रश्न येतो, दोरा बदलल्यावर त्या दिवशी बसमध्ये बसवतं का?

भर : काल काहींनी खाण्यापिण्याचं विचारलं. तिखट बंद आहे, पोट साफ राहावं म्हणून रात्री इसबगोल, सकाळी उकड्या तांदळाची पेज. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसतो, त्याने ठणका कमी होतो. पण वाट याने मिटणार नाही हे आता आम्हाला कळलं आहे, त्यामुळे घरगुती औषधं कृपया सुचवू नका. आणि लेसर वाईटच असं माझं म्हणणं नाही, ज्यांचं टिकलं त्यांनीही लिहा, किती वर्षं झाली ते मात्र सांगा.

तो आमच्या देवळातल्या भजनात पखवाज वाजवतो. चार महिने झाले, पखवाजाला कणीक लागलेली नाही. उपचारानंतर पुन्हा दोन-दोन तास मांडी घालून बसणारं कोणी आहे का? कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट आला की पुढच्या आठवड्यात बांबोळीला जायचं आहे. त्याआधी लिहिलंत तर प्रश्न वहीत उतरवून नेता येतील. इथे नको वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.